चाळिशीत प्रयोगशाळेत

प्रश्न : ताई, दूरशिक्षणाने बीएस्सी करतेय. प्रयोगांसाठी आठवडाभर वसतिगृहात राहावं लागेल. चाळिशीत, मुलं घरी ठेवून जाऊ का?

उत्तर : बिनधास्त जा. मी ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत विज्ञान शिकले. १९७१पासून तिचे धडे टपालाने आणि बीबीसीवरून घरी येत. मॅकआर्थर नावाच्या संशोधकाने घडवलेला तळहाताएवढा प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शकसुद्धा घरी आला. पण ओट्यावर एकटीने कांद्याचा पापुद्रा बघणं वेगळं. सुट्टीत मोकळ्या झालेल्या दुसऱ्या विद्यापीठात आमचं उन्हाळी शिबिर भरलं. शेजारी बसचालक, पलीकडे नर्स. टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून प्रमाण मोजताना, रंग नेमका कुठल्या थेंबाला पालटला, यावर आम्ही तावातावाने भांडायचो! अडलं की शिक्षक तिथल्या तिथे ब्युरेट, म्हणजे थेंब सोडायची तोटीची नळी, हातात घेऊन दाखवत. मुलांना सासूबाईंनी सांभाळलं. तुम्हीही घरी आजच बोला.