वाचक विचारतात : आइस हॉकीतल्या फॉरवर्डचे आकडे कसे वाचायचे?

प्रश्न : आमच्या घरात सगळे मैदानी हॉकीवाले. मुलगा हल्ली निवृत्त आइस हॉकीपटूंचे आकडे वहीत उतरवतो. वेन ग्रेट्स्कीचे गोल ८९४ आणि असिस्ट १९६३! गोलांपेक्षा असिस्ट जास्त कसे? आणि दोन फॉरवर्डांची तुलना कशी करायची?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : कॅप्टन रूपसिंहांनी १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर दहा गोल चढवले, हे ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. पण त्या गोलांआधीचे पास कोणाचे, हे किती जणांना ठाऊक आहे? आइस हॉकीत ती नोंद काटेकोर असते. गोल करणाऱ्याच्या आधी ज्या दोन साथीदारांची स्टिक पकला (चेंडूच्या जागी असलेल्या रबरी चकतीला) लागली, त्या दोघांनाही असिस्ट मिळतो. मध्येच प्रतिस्पर्ध्याने पक ताब्यात घेतला, तर आधीचे पास धरत नाहीत. गोलाचा एक गुण, असिस्टचाही एकच. म्हणून ग्रेट्स्कीचे एकूण गुण २८५७.

तुलनेसाठी एकूण आकड्याला सामन्यांनी भागा. ग्रेट्स्कीचे सामने १४८७, म्हणजे सामन्यामागे ०.६० गोल. माइक बॉसीचे ७५२ सामन्यांत ५७३, म्हणजे ०.७६. इथेच बहुतेकांची फसगत होते. बॉसी दहाच हंगाम खेळला. पाठीच्या दुखण्यामुळे १९८७ नंतर, जेमतेम तिशीत, तो बर्फावर उतरलाच नाही. उतरतीचा काळ त्याच्या सरासरीत नाहीच. ग्रेट्स्कीच्या सरासरीत मात्र १९९८-९९ चा शेवटचा हंगामही आहे : ७० सामने, ९ गोल. त्याचेही पहिले दहाच हंगाम घ्या, तर ७७४ सामन्यांत ६३७ गोल, म्हणजे ०.८२. पारडं फिरलं! मुलाला ही बेरीज हंगामवार स्वतः करू द्या, फार मजा येते.

काळही बघा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या) एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून आठेक गोल व्हायचे, नव्वदच्या अखेरीस पाचाच्या थोडे वर. प्लेऑफचे, म्हणजे साखळी संपल्यावरच्या बाद फेऱ्यांतले, गोलही वेगळे मोजतात. ग्रेट्स्कीचे तिथले १२२ गोल ८९४ मध्ये नाहीत.

प्लस-मायनसच्या रकान्यावर फॉरवर्डला जोखू नका. खेळाडू बर्फावर असताना संघाने गोल केला की त्याला प्लस, खाल्ला की मायनस, असा तो हिशेब. पण पॉवर प्लेमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना, आपल्या संघाने गोल केला तर त्याला प्लस मिळत नाही, त्याच वेळी गोल खाल्ला तर मात्र मायनस बसतो.