डोक्याला मार आणि न जुळणारे आकडे

प्रश्न : जगात दरवर्षी किती लोकांच्या मेंदूला अपघाती इजा होते, याचे उत्तर एका लेखात २ कोटी ७० लाख, तर दुसऱ्यात ६ कोटी ९० लाख असे वाचले. यातला खरा आकडा कोणता?

उत्तर : दोन्ही आकडे जबाबदार संशोधकांचेच आहेत आणि दोन्ही अंदाजच आहेत. पहिला 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या, जगभरातील आजार आणि इजांचा भार मोजणाऱ्या प्रकल्पाने २०१६ या वर्षासाठी काढला. दुसरा २०१८ साली प्रसिद्ध झाला आणि तो काढताना रस्ते अपघातांच्या आकडेवारीचा मोठा आधार घेतला गेला. गणित वेगळे, म्हणून उत्तर वेगळे. पण खरी अडचण गणिताच्या आधीची, नोंदीची आहे.

एखादा माणूस जिन्यावरून घसरतो, डोके पायरीवर आपटते, क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. तो उठतो, एक वांती होते, डोके जड राहते आणि दोन दिवसांनी तो कामावर जातो. वैद्यकीय व्याख्येनुसार ही मेंदूची सौम्य इजा असू शकते. पण तो रुग्णालयात गेलाच नाही, तर कोणत्याच वहीत त्याची नोंद होत नाही. उलट, ज्याचे अनेक अवयव जखमी झाले आणि जो रस्त्यातच दगावला, त्याच्याही मृत्यूचे कारण पुष्कळदा नुसते 'वाहन अपघात' असेच लिहिले जाते.

न्यूझीलंडमध्ये २०१०-११ मध्ये एका भागातील रहिवाशांचा याबाबत कसून शोध घेतला गेला. रुग्णालयापर्यंत न पोहोचलेले रुग्णही मोजल्यावर दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे ७९० हा आकडा निघाला. त्यांपैकी सौम्य ७४९ होते, मध्यम व गंभीर मिळून अवघे ४१. केवळ दाखल झालेले रुग्ण मोजणाऱ्या पाहणीच्या हाती यातले किती लागले असते, याची कल्पना करावी. म्हणून कोणताही आकडा वाचताना तो दाखल रुग्णांचा आहे, तपासलेल्यांचा आहे की मृतांचा, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : 'सौम्य' कशाला म्हणतात?

उत्तर : १९७४ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील मेंदूशल्यविशारद टीसडेल आणि जेनेट यांनी सुचवलेली, रुग्ण किती शुद्धीवर आहे हे मोजणारी मोजपट्टी आजही वापरली जाते. डोळे उघडणे, बोलणे आणि हातापायांची हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण देतात. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. 'सौम्य' हा शब्द थोडा फसवा आहे; सौम्य इजेनंतरही काही जणांची डोकेदुखी आणि विसराळूपणा महिनोन्‌महिने टिकतो.

प्रश्न : ही मुख्यतः तरुण दुचाकीस्वारांची समस्या आहे, हे खरे का?

उत्तर : अर्धे खरे आहे. जगभरात पडणे आणि रस्ते अपघात ही दोन सर्वांत मोठी कारणे आहेत. रस्त्यांवरील मृत्यूंपैकी सुमारे ९२ टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि तेथे दुचाकीस्वार व पादचारी अधिक सापडतात. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. श्रीमंत देशांत मात्र लोकसंख्या वृद्ध होत गेली, तसा रुग्णांचा चेहरा बदलला. वयानुसार मेंदू आकसतो, कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या शिरा ताणल्या जातात, त्यातच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतात. त्यामुळे घरातल्या घरात पाय घसरून लागलेला किरकोळ मारही आत हळूहळू रक्त साठवू शकतो. हे रक्त कधीकधी काही आठवड्यांनी, चालताना तोल जाण्यातून किंवा बोलण्यातल्या गोंधळातून लक्षात येते, आणि तोवर पडल्याची गोष्ट घरचे विसरलेले असतात.