‘शिक्षकखोलीत माझ्याशी कुणी बोलतच नाही’

मी समुपदेशक. जपानला इंग्रजी शिकवायला गेलेल्या मुलामुलींचे मला फोन मे-जूनमध्ये सुरू होतात. तिथलं शालेय वर्ष एप्रिलचं. साकुराचे, म्हणजे चेरीच्या बहराचे, फोटो घरी पाठवून होतात, मेच्या सुरुवातीची ‘गोल्डन वीक’ची सुट्टी संपते आणि सूर पालटतो. ‘मी तिथे कुणालाच नकोय. परत येऊ का?’ खुद्द जपानी लोकही या मरगळीला ‘गोगात्सु-ब्यो’, मे महिन्याचा आजार म्हणतात. हे ऐकूनच निम्म्या जणांना हायसं वाटतं.

सई (नाव बदललंय) नाशिकची. निइगाता प्रांतातल्या एका माध्यमिक शाळेत सहायक इंग्रजी शिक्षिका.

‘‘सगळे मान खाली घालून काम करतात, ताई. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.’’

‘‘तू नकोशी आहेस, असं कुणी म्हणालं?’’

‘‘म्हणायला कशाला हवं? कळतंच ना.’’

मी आधी झोपेचं विचारलं. आई रात्री साडेनऊला, सगळं आवरून, व्हिडिओ कॉल करायची. जपान साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथे एक वाजलेला. दोन वाजता झोपणाऱ्या माणसाला सकाळी सगळं जग परकंच वाटणार. फोन आईच्या दुपारच्या चहाला, चार वाजता आणला. जपानमध्ये तेव्हा संध्याकाळचे साडेसात. एवढ्यानेच तिचं रडू बरंच कमी झालं.

मग वही. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. जे घडलं ते वेगळं आणि त्याचा आपण लावलेला अर्थ वेगळा, ही फोड माणसाला स्वतःची स्वतः करता आली पाहिजे, यावर माझा पक्का विश्वास आहे. सईला सांगितलं, आठवडाभर कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिही. ‘दुर्लक्ष केलं’ हे कॅमेऱ्याला दिसत नाही.

पुढच्या वेळी ती वाचत होती. ‘टेबलावर जेवणाचा महिन्याचा तक्ता होता. कांजी अक्षरांच्या डोक्यावर हिरागानात उच्चार होते. काही पदार्थांना गोल केले होते.’ कांजी ही चिनी वळणाची चित्राक्षरं, नवख्याला न वाचता येणारी; हिरागाना ही उच्चारानुसार लिहायची सोपी लिपी.

‘‘उच्चार छापलेले होते?’’

ती थांबली. तक्ता कॅमेऱ्यासमोर धरला. उच्चार पेन्सिलीने लिहिलेले होते. गोल होते ते मासे आणि मांस असलेल्या पदार्थांभोवती.

‘‘शेजारच्या टेबलावरचा तक्ता साधाच होता, ताई. हे माझ्यासाठी कुणीतरी बसून केलंय.’’

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावं. निष्कर्ष ज्याचा त्याने काढला तरच तो टिकतो. लिहिणारे उपमुख्याध्यापक निघाले. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं.

अनेक वर्षं हे ऐकताना माझं एक मत झालंय. आपल्याकडे ओळख गप्पांतून होते, तिथल्या शाळेत ती सोबत केलेल्या कामातून होते. म्हणून नव्याने जाणाऱ्यांनी गप्पांची वाट पाहू नये. सकाळी दारातच सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं ‘ओहायो गोझाइमास’ (सुप्रभात) म्हणा, निघताना ‘ओसाकी नी शित्सुरेई शिमास’ (तुमच्या आधी निघतेय, माफ करा). रोजच्या सफाईच्या वेळी मुलांबरोबर झाडू घ्या. शाळा सुटल्यावर एखाद्या क्लबच्या सरावाला ठरलेल्या वारी जा, भाषा येत नसली तरी. वार मात्र चुकवू नका. सईने टेबल टेनिस धरलं.

शाकाहारी असाल तर पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगून डबा न्या. मिसो सूप वरून निरामिष दिसतं, पण त्याच्या ‘दाशी’त, म्हणजे मूळ रश्श्यात, बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. भिडेखातर अर्धवट जेवून दुपारी गळून जाणारे मी फार पाहिलेत.

बऱ्याच जणांच्या एकटेपणाखाली पैशाची धास्ती दडलेली असते. पहिला पूर्ण पगार अनेकदा मेअखेरीस येतो आणि घर घेताना भाड्याच्या चौपट-पाचपट रक्कम आधी भरावी लागू शकते. दोन-तीन महिन्यांचा खर्च जवळ ठेवूनच निघा. राहायला लागल्यापासून 14 दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवा. आरोग्य विम्याची व्यवस्थाही लगेच पाहा, म्हणजे उपचाराचा साधारण 30 टक्केच खर्च तुमच्यावर येतो. कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावा. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी सूचना चिकटवून तिथेच सोडतात आणि आधीच खचलेल्या माणसाला तो स्वतःचा अपमान वाटतो.

परतायचं की नाही, हे मे-जूनमध्ये ठरवू नका. करार बहुधा मार्चपर्यंत असतो, ऑक्टोबरमध्ये विचार करा. पण दोन आठवडे झोप-भूक गेली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर ऑक्टोबरची वाट पाहायची नाही. डॉक्टर गाठा. जपानमध्ये ‘टेल’ ही इंग्रजीतून बोलणारी मदतवाहिनी 1973 पासून आहे, तिचा नंबर निघण्याआधीच फोनमध्ये घालून ठेवा.