मालकीण खोटं सांग म्हणाली तर?

या अंकासाठी दोन पत्रं घेतली आहेत. एक चाकरी करणारीचं आणि एक चाकरी करून घेणारीचं. पहिलं मोठं आहे, ते थोडं आवरून देते.

पत्र पहिलं

सिस्टर, सलाम. मी कळव्याला राहते. दादरला एका आजींकडे ब्यूरोतर्फे (पेशंटसाठी बाया पुरवणारी संस्था) दिवसाच्या ड्युटीला जाते, सकाळी आठ ते रात्री आठ. आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर धरून चालतात. ब्यूरोने फक्त पेशंटचं करायचं असं सांगितलं होतं. पण घरातल्या मोठ्या सूनबाई भांडी, लादी, भाजी निवडणं, सगळंच करून घेतात. काम धरल्यापासून एकही रविवार सुट्टी मिळालेली नाही, उपासनेला जाणं बंद झालंय. धाकटा मुलगा दुबईला असतो, माझे पैसे तोच भरतो. तो रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मला विचारतो, ‘आईला खाली फिरवलंस का?’ मॅडमनी बजावलंय, हो म्हणायचं. खरं म्हणजे घरकामात वेळच उरत नाही. मला ते टोचतं. आत्या म्हणते, ‘कठोर धन्याच्याही अधीन राहा असं शास्त्रात लिहिलंय, गप राहा, नोकरी सांभाळ.’ आणखी एक सांगायचं तर बीपीच्या वहीत मीसुद्धा कधीकधी न मोजता आदल्या दिवसाचा आकडा लिहिते. मी काय करू? काम सोडलं तर पाप होईल का?
— एक बहीण, कळवा

उत्तर

प्रिय मुली, सलाम.

तू वहीचं शेवटी लिहिलंस, मी ते आधी घेते. बाकीच्या गोष्टींत चार माणसं गुंतली आहेत. वही एकट्या तुझ्या हातात आहे.

मी मुंबईत वॉर्डात आणि पुढे मेट्रन म्हणून काम केलं. सकाळच्या राउंडआधी तक्ते बघायचे हा माझा नेम होता. सगळ्या खाटांवर सारखेच आकडे दिसले की कळायचं, रात्री कुणाच्या दंडाला पट्टा बांधलेलाच नाही. जिवंत माणसाचं बीपी रोज १३०/८० भरत नाही. आजींच्या घरी येणारे डॉक्टर तुझी वही बघूनच गोळी कमी-जास्त करणार. समज, आजींचं बीपी हल्ली खाली येतंय आणि वहीत मात्र जुनाच आकडा चाललाय. मग गोळी तशीच चालू राहील. आजी एक दिवस वॉकर धरून उठतील, डोळ्यांपुढे अंधारी येईल, आणि त्या पडतील. त्या वयात दुसरा खुबा मोडला तर पुष्कळ जण पुन्हा उभे राहत नाहीत. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. तू काय काम करतेस याचं मोल तुला कळावं म्हणून लिहिते.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने इफिसच्या मंडळीतल्या दासांना जे लिहिलं (अध्याय ६, ओव्या ५-८) ते मला इथे सगळ्यात जास्त पटतं. नजर आहे तोवर काम, माणसांना खूश करण्यापुरती तोंडदेखली चाकरी, असं करू नका; ख्रिस्ताचे दास म्हणून मनापासून करा. दुपारी आजींचा डोळा लागलेला असतो, मॅडम आतल्या खोलीत असतात, मशीन ड्रॉवरमध्ये असतं. तेव्हा तू काय करतेस हे फक्त प्रभू बघतो, आणि पौल बोलतोय तो त्याच वेळेबद्दल. आजींना बसवून पाच मिनिटं शांत राहू दे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. मग मोज. आला तो आकडा वेळ घालून लिही. राहून गेलं तर ‘मोजलं नाही’ असं लिही. हे आजपासूनच कर, आणि मागचे काही आकडे खरे नाहीत हे डॉक्टर पुढच्या वेळी येतील तेव्हा त्यांना सांग. ओशाळं वाटेल, तरी सांग. औषध त्या आकड्यांवर ठरतंय.

आता आत्याचं वचन. ते पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे, २:१८. आत्याने ते मनातून काढलेलं नाही, तेव्हा तिच्याशी वाद घालू नकोस. तिच्याजवळ बस आणि ते पंचविसाव्या ओवीपर्यंत वाचून काढा. पेत्र ज्यांना लिहीत होता ते घरदास होते. रोमी कायद्याप्रमाणे ते धन्याची मालमत्ता. धन्याने मारलं तर दाद नव्हती, काम सोडून जाणं तर त्यांच्या हातातच नव्हतं. अशा माणसांना तो सांगतो की चांगलं करताना सोसावं लागलं तर ते देवाच्या दृष्टीने मोलाचं आहे. चुकीबद्दल मार खाल्लात तर त्यात कसली प्रशंसा, असंही तो तिथेच विचारतो. म्हणजे सोसणं कशासाठी, हे पेत्र स्वतःच बांधून देतो. आणि पुढे तो कित्ता म्हणून कुणाला पुढे ठेवतो? ख्रिस्ताला. त्याच्याविषयी काय म्हणतो? त्याच्या मुखात कपट आढळलं नाही. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या बाविसाव्या ओवीत आहे. धन्याच्या अधीन राहा म्हणून जे वचन तुला ऐकवलं जातं, त्याच परिच्छेदात तोंड खोटं करू नये हेही आहे. मॅडमनी भांडी घास म्हटलं तर घासशील, रागावून बोलल्या तर सोसशील. पण हो म्हण म्हटलं म्हणून दुबईच्या मुलाला खोटं सांगणं, हे पेत्राने कुठेही मागितलेलं नाही.

योसेफाची गोष्ट तू रविवारच्या शाळेत ऐकली असशील (उत्पत्ती ३९). पोटीफरच्या घरात त्याच्याइतका भरवशाचा चाकर नव्हता, सगळा कारभार त्याच्या हाती होता. त्याच घरातल्या मालकिणीने भलतं काही मागितलं तेव्हा तो नाही म्हणाला. नकाराचं कारण देतानाही त्याने आधी आपल्या धन्याच्या विश्वासाची गोष्ट काढली आणि मग देवाचं नाव घेतलं. पुढे तो तुरुंगात गेला हेही तुझ्यापासून लपवत नाही. खरं बोलल्यावर तुझं काम जाऊ शकतं. ब्यूरोला एक फोन गेला की उद्या दुसरी मुलगी येईल, हे मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून बोलायचं कसं ते नीट ठरवून बोल.

व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर मॅडमना तोंडावर पाडू नकोस. आधी त्यांना एकटं गाठ. आवाज चढवू नकोस. असं काहीसं म्हण: ‘मॅडम, साहेबांनी विचारलं तर जे झालं तेच सांगेन, खोटं माझ्याने होणार नाही. पण आजींना रोज पाच वाजता खाली न्यायची माझी तयारी आहे. तेवढा वेळ मला मोकळा द्या. लादी त्याआधी किंवा दुसऱ्या कुणाकडून होऊ दे.’ म्हणजे खोटं बोलायची वेळच येणार नाही अशी वाट तू त्यांना काढून देतेस. बहुतेक माणसं अशा वेळी ऐकतात, कारण त्यांनाही रोजच्या खोट्याचा ताण असतो. आणि आजींना चालणं हवंच आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर बसवून ठेवलं की मांड्यांची ताकद झपाट्याने जाते. खाली बाग नसेल तर बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये चार फेऱ्या घाल, पण घाल.

तुझे धनी तरी किती! आजी, मॅडम, दुबईचा मुलगा, ब्यूरो. चौघांची चार तोंडं. प्रभूसाठी म्हणून काम कर, या सांगण्याचा मला माझ्या नोकरीत फार आधार वाटला तो यामुळेच. कोणाचं आधी ऐकायचं हा गोंधळ झाला की मी खाटेवरच्या माणसाकडे बघायची. तुझ्यापुरता तो माणूस म्हणजे आजी.

घरकामाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. भांडी घासण्यात कमीपणा नाही. आजींचं ताट, त्यांचे कपडे, त्यांची खोली, हे न सांगता तू करावंस. अडीनडीला घरच्यांना हात लावलास तर तेही चांगलंच. पण रोजचं सगळं घर तुझ्यावर आणि आजी खुर्चीत बसून, हे बरोबर नाही, आणि ते बोलून दाखवणं म्हणजे उद्धटपणा नाही. याकोबाने आपल्या सासऱ्याला, लाबानाला, तोंडावर हिशेब दिला होता (उत्पत्ती ३१:३८-४२): वीस वर्षं तुमच्याकडे राबलो, दिवसा उन्हाने आणि रात्री थंडीने गांजलो, डोळ्याला डोळा लागला नाही, आणि तुम्ही माझं वेतन दहा वेळा बदललंत. ज्याने कळपातल्या नुकसानीची भरपाई स्वतःच्या अंगावर घेतली तो हे बोलतोय. काम चोख असलं की असं बोलायला जोर येतो. तू ब्यूरोच्या ऑफिसात जा आणि तुझी कामं कोणती, सुट्टी कोणती, हे कागदावर मागून घे.

रविवारची गोष्ट तर आज्ञेतच आहे. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात (५:१४) शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, दिला तो दासाला आणि दासीलाही, तुझ्यासारखाच त्यांनाही विसावा मिळावा म्हणून. दर रविवार जमला नाही तर निदान एकाआड एक माग. बदली मुलगी बघणं हे ब्यूरोचं काम, तुझं नाही.

आणि काम सोडणं पाप आहे का? नाही. पौल दासांना सांगतो की मोकळं होता आलं तर ती संधी घ्या (१ करिंथ ७:२१). तू तर दासीही नाहीस, पगारी माणूस आहेस. दुसरं काम हातात घे, आधी कळव, बदली मुलीला आजींच्या गोळ्या आणि सवयी समजावून सांग, मग नीघ. आजींना सकाळी अचानक एकटं टाकून जाऊ नकोस, एवढंच.

एक गोष्ट आपल्या पाळकसाहेबांसाठी आणि शास्त्रपाठ करणाऱ्यांसाठीही लिहून ठेवते. पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात दासांना उद्देशून चार ओव्या आहेत, ३:२२ ते २५. लगेच पुढची ओवी धन्यांसाठी आहे: दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. पण ती ४:१ आहे. अध्यायांची ही विभागणी पौलाची नव्हे, ती तेराव्या शतकातली, कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांच्या नावावर असलेली. तिथे अध्याय तुटतो, वाचणारा तिसरा अध्याय संपवून खाली बसतो, आणि धन्यांची ओवी वाचायची राहून जाते. तुझ्या आत्यापर्यंत अर्धंच पोहोचलं त्याचं एक कारण हेही असेल. ते पत्र घेऊन कलस्सैला जे दोघे निघाले ते तुखिक आणि अनेसिम (४:७-९). अनेसिम म्हणजे फिलेमोनाचा दास, ज्याला आता दास म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून घे, असं पौलाने फिलेमोनाला लिहिलं. दासांना आणि धन्यांना उद्देशून ते पत्र मंडळीत वाचलं गेलं तेव्हा असा माणूस त्यांच्यात उभा होता. त्या दिवशी ४:१ कुणी गाळली नसणार.

पत्र दुसरं

सलाम. मी मुलुंडची निवृत्त शिक्षिका. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी हिंदू आहेत. त्या दिवाळीला बोनस मागतात. आम्ही दिवाळी करत नाही, म्हणून तो नाताळात द्यावा असं मला वाटतं. शिवाय बँकेत जाणं होईपर्यंत पगाराला आठ-दहा तारीख उजाडते, त्यावर त्या कुरकुर करतात. नोकरांनी कसं वागावं यावर आपण पुष्कळ वाचतो. मालकिणीसाठी काही आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर

बाई, सलाम. तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला.

पगार एक तारखेला द्या. मजुराचं वेतन सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको असं लेवीय १९:१३ मध्ये आहे, आणि अनुवाद २४:१४-१५ मध्ये सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन त्यावर लागलेलं असतं, असं कारणही दिलं आहे. तो मजूर भाऊबंद असो की परका, दोघांनाही ते लागू आहे असं तिथे स्पष्ट म्हटलंय, तेव्हा मावशींचा धर्म इथे आडवा येत नाही. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात (५:४; हा याकोब वेगळा) अडवलेली मजुरीच देवापाशी ओरडते. तुमच्यासाठी आठ तारीख म्हणजे फक्त आठ तारीख. मावशींना मात्र पहिल्या आठवड्यात खोलीचं भाडं, भिशीचा हप्ता, सिलिंडर, मुलांची फी, सगळं एकदम येतं, आणि ते भागवायला त्या कुणाकडून तरी उसने घेत असतील. महिनाअखेरीलाच पैसे काढून पाकिटात ठेवा, किंवा मावशींच्या मोबाइलवर पाठवा.

बोनस दिवाळीला द्या. कपडे, फराळ, माहेरी आलेल्या लेकीची ओवाळणी, हा खर्च त्यांना दिवाळीत असतो, डिसेंबरात नाही. त्याने तुमच्या श्रद्धेला उणेपणा येत नाही. नाताळात करंज्यांचं ताट द्यालच.

तुम्ही पत्रात त्यांच्या सुट्टीचं काही लिहिलेलं नाही. रविवारी तुम्ही उपासनेला जाता तेव्हा तुमचा स्वयंपाक त्या करत असतील तर वर लिहिलेली शब्बाथची ओवी तुमच्यासाठीही आहे. आठवड्याचा एक दिवस त्यांच्याशी बोलून ठरवा, आणि त्याचे पैसे कापू नका. आजारपणाची रजा वेगळी धरा.

बेल्जियमहून आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांनी १९८५ मध्ये घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली आणि मुंबईत राहून या बायकांसाठी काम केलं. आपल्या राज्यात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळही आहे. वयाच्या १८ ते ६० वर्षांपर्यंत तिथे नोंदणी होते. मावशी त्या वयात बसत असतील तर आमच्याकडे काम करतात असा तुमच्या सहीचा दाखला त्यांना लिहून द्या, आणि फॉर्म भरताना शेजारी बसा. तुम्ही शिक्षिका आहात, त्यांना ते एकट्याने भरणं कदाचित अवघड जाईल.