मोबाइलवरची चित्रकला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी फोनवर बोटानेच चित्र काढते. रेषा थरथरत येतात. शंभर-दोनशे रुपयांचा स्टायलस (पडद्यावर चालणारे पेन) घेतला तर फरक पडेल का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सांगली)

फरक पडेल, पण थरथर त्याने जाणार नाही. रबरी टोकाचा किंवा पारदर्शक चकती बसवलेला स्वस्त स्टायलस फोनच्या लेखी बोटच असतो. हाताखालचे चित्र थोडे अधिक दिसते, एवढाच त्याचा लाभ. दाबानुसार रेषा जाड-बारीक होण्यासाठी पडद्यामागे वेगळी यंत्रणा लागते आणि ती सॅमसंगच्या एस पेन असलेल्या फोनसारख्या मोजक्याच फोनमध्ये मिळते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी ॲपमधला स्टॅबिलायझर वापरून पाहावा. आयबिस पेंटसह बहुतेक चांगल्या ॲपमध्ये तो असतो. तो बोटाच्या मार्गातले बारीक कंप गाळतो आणि त्यामुळे रेषा बोटामागून किंचित उशिराने उमटते. तो मध्यम ठेवावा. फार वाढवला की नाकाचा शेंडा, बोटांची पेरे असे जे कोपरे तीक्ष्ण हवेत तेही गोलसर होऊ लागतात. शिवाय दोन बोटांनी कॅनव्हास फिरवून प्रत्येक रेषा आपल्या हाताला सहज जाणाऱ्या दिशेने ओढावी. कागद फिरवणारा चित्रकार हेच करतो, पण फोनवर चित्र काढताना अनेकांना ते सुचत नाही.

प्रश्न : सहा-सात लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर) झाले की ॲप नवा लेयर घेऊ देत नाही. फोनमध्ये जागा भरपूर आहे. मग अडचण कुठे आहे? (शिक्षिका, रत्नागिरी)

आपण पाहता ती साठवणुकीची जागा. लेयरना लागते ती काम चालू असतानाची स्मृती, म्हणजे रॅम. हिशेब सोपा आहे. ए-४ आकाराचा कॅनव्हास 300 डीपीआयने (म्हणजे एका इंचात 300 ठिपके) घेतला तर तो 2480 गुणिले 3508 पिक्सेलचा, म्हणजे सुमारे 87 लाख पिक्सेलचा होतो. प्रत्येक पिक्सेलला तीन रंग आणि पारदर्शकता मिळून साधारणपणे 4 बाइट लागतात, म्हणून एक पूर्ण लेयर सुमारे 35 एमबीचा होतो. ए-३ घेतला की हा आकडा दुप्पट होतो. फोनची रॅम इतर कामांतही वाटलेली असल्याने ॲप आधीच मर्यादा घालते.

माझ्या मते सुरुवातीला चार लेयर पुरतात : कच्चे रेखाटन, पक्की रेषा, रंग आणि सावली. सावलीचा लेयर रंगाच्या लेयरला क्लिपिंगने जोडून त्याची मिश्रणपद्धत मल्टिप्लाय ठेवली, तर सावली आकाराबाहेर जात नाही आणि खालचा रंगही झाकला जात नाही. पक्की रेषा झाल्यावर कच्चे रेखाटन पुसून टाकावे.

प्रश्न : दिवाळीसाठी मोराचे शुभेच्छापत्र रंगवले. फोनवर निळा रंग झळाळत होता, छापून आला तो मळकट. शिवाय चित्र फुटल्यासारखे दिसते. चूक प्रेसची आहे का? (गृहिणी, नाशिक)

बहुधा नाही. फोनचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग घडवतो, तर छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून. मोराच्या मानेचा झगझगीत निळा, पोपटी हिरवा, चटक नारिंगी हे रंग प्रकाशात जेवढे तेजस्वी होतात तेवढे या चार शायांतून होऊ शकत नाहीत. त्यातच अनेक फोन कारखान्यातूनच भडक रंगांच्या सेटिंगवर येतात. म्हणून डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये नॅचरल हा पर्याय निवडावा, पडदा रात्री पिवळसर करणारी फोनमधली सोय रंगकाम करताना बंद ठेवावी आणि ब्राइटनेस मध्यम ठेवावा. मोराचा निळा खुलवायचा असेल तर तो अधिक भडक करण्याऐवजी भोवतीची जागा फिकट पिवळसर किंवा मातकट ठेवावी. शेजारच्या रंगामुळे निळा उठून दिसतो आणि हा परिणाम छपाईतही टिकतो. सर्व प्रती छापण्याआधी एक नमुना प्रत अवश्य मागावी.

चित्र फुटण्याचे कारण वेगळे आहे. समाजमाध्यमांसाठी असतो तसा 1080 पिक्सेलचा चौकोन आपण घेतला असावा. 300 डीपीआयने तो जेमतेम 9 सेंटिमीटर रुंद छापता येतो. नंतर डीपीआयचा आकडा वाढवून उपयोग होत नाही, कारण जे पिक्सेल काढलेच नाहीत ते कुठून येणार? छपाईचा आकार ठरवून मगच कॅनव्हास उघडावा. आणि प्रेसला चित्र व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. फोटो म्हणून पाठवताना ते दाबून लहान केले जाते.

प्रश्न : वारली चित्रात तारपा (फुंकून वाजवायचे वाद्य) नृत्याचे रिंगण काढण्यासाठी सिमेट्रीचे साधन वापरले. एक माणूस काढला की सोळा तयार होतात. तरीही चित्र निर्जीव वाटते. (हौशी चित्रकार, ठाणे)

आपल्याला ते निर्जीव वाटले, हे फार चांगले लक्षण आहे. वारली चित्रातले नर्तक त्रिकोण, वर्तुळ आणि रेघा यांतून उभे राहतात, पण ते एकमेकांच्या प्रती नसतात. कुणाचा गुडघा अधिक वाकलेला, कुणाची मान वळलेली, कुणी किंचित मागे पडलेला, अशा फरकांतून ते रिंगण फिरते. पद्मश्री जिव्या सोमा मशे यांची चित्रे मोठी करून पाहावीत. हजारो बारीक रेघांमध्ये एकही दुसरीसारखी नाही आणि त्यामुळेच सगळा पट हलता वाटतो. सोळा हुबेहूब माणसे काढली की नृत्य थांबते आणि नक्षी उरते.

सिमेट्रीचे साधन वाईट नाही. ठिपक्यांच्या रांगोळीत किंवा मंडलात ते योग्यच आहे, कारण तिथे समतोल हाच विषय असतो. रिंगणासाठी मात्र वेगळ्या लेयरवर फिकट सर्पिल मार्गरेषा आखावी, मधोमध तारपा वाजवणारा बसवावा आणि प्रत्येक नर्तक हाताने काढावा. पहिल्या उत्तरात सुचवलेला स्टॅबिलायझर येथे शून्यावर आणावा. ही चित्रे गेरूने वा मातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने काढली जात. त्या रेघेची जाडी एकसारखी नसते आणि पांढराही सगळीकडे सारखा बसत नाही. म्हणून खरबरीत कडांचा ब्रश, किंचित पिवळट पांढरा आणि 90 टक्क्यांच्या आसपास ओपॅसिटी (रंगाची अपारदर्शकता) घेऊन पाहावी. एका संध्याकाळी सोळाऐवजी पाचच नर्तक झाले तरी चालतील.

प्रश्न : ॲप नीट चालेना म्हणून काढून पुन्हा टाकले, तर सगळी चित्रे गेली. परत मिळतील का? (विद्यार्थी, पणजी)

गॅलरीत किंवा क्लाउडवर प्रत नसेल तर मिळण्याची शक्यता फार कमी आहे, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. अनेक ॲप चालू चित्रे स्वतःच्याच कप्प्यात ठेवतात व ॲप काढले की तो कप्पाही पुसला जातो. यापुढे प्रत्येक चित्राच्या दोन प्रती बाहेर काढाव्यात : लेयरसह राहणारी पीएसडी फाइल आणि पाहण्या-छापण्यासाठी पीएनजी फाइल. जेपीईजी या फोटोच्या नेहमीच्या फाइलीत पारदर्शक पार्श्वभूमी राहत नाही आणि चित्र पुन्हा पुन्हा जतन केले की रेषांच्या कडा मळत जातात. या प्रती फोनबाहेर, म्हणजे संगणकावर, पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर, दर आठवड्याला हलवाव्यात. ॲप काढण्यापूर्वी तर आधी त्या उघडून पाहाव्यात आणि मगच पुढे जावे.