गाठ 'ओसरली' म्हणा

"यकृताचा कर्करोग उपचाराविना आपोआप नाहीसा झाला तर त्याला मराठीत काय म्हणावे? 'स्वयंस्फूर्त प्रतिगमन' चालेल का?" असे कोथरूडच्या एका वाचकाने विचारले आहे.

प्रतिगमन नको, मराठी कानाला त्यात आधी प्रतिगामीच ऐकू येतो. पण त्याहून खटकते ते 'चमत्काराने बरा झाला'. पुण्यात भली शिकलेली माणसेही हेच म्हणतात. एव्हर्सन आणि कोल या शल्यविशारदांनी १९६६ साली या घटनेची व्याख्या केली, तीत गाठ अंशतः गेली तरी पुरते; बरे होण्याची अट नाही. आणि चमत्कार कसला? निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते, कर्कगाठ मात्र मुख्यतः यकृत धमनीवर जगते. ती धमनी गुठळीने तुंबली, की गाठीचे रक्त तुटते आणि ती आतून मरू लागते. काही रुग्णांत जंतुसंसर्ग, ताप यांनी चेतलेली प्रतिकारशक्ती कारण असावी असे मानतात. रक्तातले अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे या कर्करोगात बहुधा वाढणारे प्रथिन, उतरते, सीटी स्कॅनमध्ये गाठ आक्रसलेली दिसते. हे फार विरळा घडते, आणि गाठ पुन्हा वाढूही शकते. म्हणून स्कॅन आणि रक्ततपासणी चालूच ठेवावी लागते. मुठेचा पूर ओसरला म्हणून नदीकाठची माणसे निर्धास्त होत नाहीत, तसेच हे. तेव्हा शब्द 'ओसरणे'.

आणि त्याचे कूळ तर पाहा! संस्कृत 'अपसृ' म्हणजे दूर सरणे. प्राकृतात 'अव' आणि 'अप' यांचा 'ओ' होतो. बाराव्या शतकातला प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र याचे तसे सूत्र आहे आणि त्याच्या उदाहरणांत चक्क 'ओसरइ' आहे. 'अपवरक' म्हणजे आतली खोली, तिची देवळातली ओवरी झाली तीही याच वाटेने. आता याच नादाची वाड्याची ओसरी घ्या. पाली विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, त्यांना विहारासाठी 'ओसरक', म्हणजे पुढे काढलेले छप्पर, करायची मुभा दिली आहे. आपली ओसरी त्याच 'ओसरक'ची लेक, असे माझे ठाम मत. कुणी ती संस्कृत 'उपशाला'पासून काढू म्हणेल, तर त्याला 'श'चा 'स' करून भागत नाही, 'ल'चाही 'र' करावा लागतो. मराठीत शाळेचा 'ळ' शाबूत राहिला, धर्मशाळेचा राहिला, गोशाळेचा राहिला; मग एकट्या ओसरीतच 'र' कुठून आला, हे त्याने आधी सांगावे.