कॅलिफोर्नियातल्या ज्या मिडल स्कूलमध्ये गणितात 43 टक्केच मुलं ‘प्रोफिशियंट’ आहेत, तिथे मुलीला घालावं का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियात बदली झालीय आणि मुलगी ऑगस्टमध्ये सातवीत जाईल. परवडणारं घर ज्या पब्लिक मिडल स्कूलच्या (सहावी ते आठवीच्या सरकारी शाळेच्या) हद्दीत आहे तिथे राज्याच्या परीक्षेत गणितात 43 टक्के मुलं प्रोफिशियंट, म्हणजे आपल्या इयत्तेच्या निकषाला पोहोचलेली आहेत. पलीकडच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागात) 71 टक्के, पण तिथे घरं खूप महाग. कर्ज वाढवून तिकडे जावं का, हा तुमचा प्रश्न.

मी कॅलिफोर्नियातच पब्लिक मिडल स्कूलमध्ये गणित शिकवते. नुसत्या या दोन आकड्यांवर एवढं कर्ज डोक्यावर घेऊ नका, असं मी अगदी मनापासून सांगेन.

आधी 43 म्हणजे किती ते बघू. 2024 मध्ये संपूर्ण कॅलिफोर्नियात गणितात निकषाला पोहोचलेली मुलं होती सुमारे 35.5 टक्के. म्हणजे ही शाळा राज्याच्या सरासरीच्या वरच आहे. न्यू जर्सीतल्या शाळेच्या टक्केवारीशी तुलना मात्र करू नका, कारण परीक्षाच वेगळी आहे. शिवाय तिकडे आठवीत अल्जिब्रा 1 (हायस्कूलचा बीजगणिताचा पहिला कोर्स) घेणारी मुलं आठवीच्या गणिताऐवजी अल्जिब्राची परीक्षा देतात, म्हणजे हुशार मुलं आठवीच्या आकड्यातून बाहेरच पडतात. इथे सगळे आठवीचीच परीक्षा देतात.

आता मुख्य मुद्दा. टक्केवारी मोजते ती एक रेघ ओलांडलेली मुलं. गणितात ही रेघ पाचवीला 2528, सहावीला 2552, सातवीला 2567 आणि आठवीला 2586 गुणांवर आहे. समजा एक मुलगा पाचवीच्या शेवटी 2440 वर होता. तिसरीची रेघ 2436 आहे, म्हणजे तो दोन वर्षं मागे होता. मिडल स्कूलमध्ये कुणीतरी त्याच्याकडून अपूर्णांक पक्के करून घेतले, ऋण संख्या समजावल्या, आणि सातवीच्या शेवटी तो 2550 वर पोहोचला. रेघ दोन वर्षांत 39 गुणांनी सरकली, हा 110 गुणांनी पुढे आला. तरी अहवालात तो नापासांतच मोजला जातो. शेजारच्या शाळेत 2650 वर आलेली मुलगी दोन वर्षांत काहीही न शिकता त्याच 2650 वर राहिली, तरी ती ‘प्रोफिशियंट’च. यातली कुठली शाळा चांगली शिकवते हे टक्केवारीवरून कळणारच नाही. माझ्या वर्गात अशी मुलं असतात, म्हणून हे मला फार लागतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले शिक्षण-संशोधक शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या तिसरी ते आठवीच्या निकालांचा अभ्यास केलाय. सरासरी गुण आणि घरची सांपत्तिक स्थिती यांचा संबंध अतिशय घट्ट निघाला, पण मुलं वर्षागणिक किती पुढे जातात याचा सांपत्तिक स्थितीशी संबंध खूपच सैल. त्यांच्या 2017 च्या विश्लेषणात शिकागोची मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत साधारण सहा वर्षांचं शिकत होती. सरासरी गुण बघून कुणी शिकागोचं नावही घेतलं नसतं.

मग बघायचं काय? राज्याच्या निकालाच्या साइटवर इयत्तावार आकडे असतात. सहावीची परीक्षा वसंतात होते, तोवर मूल मिडल स्कूलमध्ये जेमतेम सात-आठ महिने असतं. त्यामुळे सहावीचा निकाल बराचसा एलिमेंटरीचाच (आधीच्या प्राथमिक शाळेचाच) असतो. एका वर्षाची सहावी घ्या आणि तीच तुकडी दोन वर्षांनी आठवीत कुठे आहे ते बघा. मधे काही मुलं येतात-जातात, म्हणून अशा दोन-तीन तुकड्या तपासा. दर वेळी आठवीचा आकडा सहावीपेक्षा खाली येत असेल तर ती शाळा टाळा, मग तिची एकूण टक्केवारी 43 असो की 71.

त्याच साइटवर पालकांच्या शिक्षणानुसारही निकाल मिळतो. दोन्ही शाळांतली पदवीधर पालकांची मुलं शेजारी ठेवून बघा. फरक पुष्कळदा आटतो. दहा किंवा त्याहून कमी मुलं असलेल्या गटाचा आकडा दाखवत नाहीत, तेव्हा आकड्याच्या जागी नुसतं * दिसलं तर दचकू नका. आणि ‘इंग्लिश लर्नर’ (अजून इंग्रजी शिकणारी मुलं) गटाच्या आकड्यावरून शाळेला नावं ठेवू नका. ज्याचं इंग्रजी सुधारतं तो त्या गटातून बाहेर काढला जातो, म्हणून तो गट कायम खालीच दिसतो. शाळेने चांगलं काम केलं की तिची चांगली मुलं त्या रकान्यातून निघून जातात! पालकांना हे कुणी सांगतच नाही.

गुणांत न दिसणारी एक गोष्ट मात्र फोन करून विचाराच: मागच्या वर्षी गणिताचा एखादा वर्ग महिनोन् महिने सबच्या (तात्पुरत्या बदली शिक्षकाच्या) भरवशावर होता का? मिडल स्कूलमध्ये गणिताचा कायम शिक्षक मिळणं अवघड झालंय, आणि सातवीचं गुणोत्तर-प्रमाण कच्चं राहिलं की आठवीत रेषीय समीकरणांना मूल अडखळतं. आठवीत अल्जिब्रा 1 मिळतं का, त्यासाठी निवड कधी आणि कशावर होते, हेही विचारा. कॅलिफोर्नियात प्रत्येक डिस्ट्रिक्टची पद्धत वेगळी आहे. सातवीच्या सुरुवातीलाच निवड होत असेल तर तुमच्या हातात फार वेळ नाही. मुलीचा न्यू जर्सीचा स्कोअर रिपोर्ट आणि सहावीच्या गणिताच्या अभ्यासक्रमाची प्रत बरोबर आणा, आणि शाळा सुरू व्हायच्या आधीच काउन्सेलरला भेटा.